खेळाडूंचं मैदानाबाहेरचं वागणं आणि विद्यापीठाचं नाव: बेलरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवणारे पालक, तिथे शिकणारे विद्यार्थी आणि अमेरिकी कॉलेजांचे सामने नव्याने बघू लागलेले मराठी प्रेक्षक, तिघांकडूनही हे प्रश्न येतात. उत्तरांसाठी मी एकच विद्यापीठ धरलं आहे, टेक्सासमधल्या वेको शहरातलं बेलर. तिथे २००३ मध्ये बास्केटबॉल संघाचं आणि २०१६ मध्ये फुटबॉल (म्हणजे अमेरिकी फुटबॉल) संघाचं प्रकरण चव्हाट्यावर आलं. दोन्ही वेळी गुन्हे खेळाडूंचे होते, पण ते निस्तरताना मोठ्या पदांवरची माणसं जशी वागली त्यानेच विद्यापीठाचं नाव जास्त खराब झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बेलर म्हणजे नेमकं कसलं विद्यापीठ?

टेक्सास हा स्वतंत्र देश होता त्या काळात, १८४५ मध्ये, सनद मिळालेलं बॅप्टिस्ट पंथाचं खासगी विद्यापीठ. शिस्तीचं आणि सोवळ्याचं ठिकाण म्हणून त्याची ख्याती. विद्यापीठाच्या आवारात नाचायला अधिकृत परवानगी मिळाली ती १९९६ मध्ये! बेलरचे संघ ‘बिग १२’ या मोठ्या गटात खेळतात.

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून याचा अंदाज येणार नाही. तिथे तिकिटं, दूरचित्रवाणीचे हक्क आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या मिळून प्रचंड पैसा फिरतो, आणि मोठ्या विद्यापीठांत हेड कोचचा पगार कुलगुरूपेक्षा जास्त असणं ही नेहमीची गोष्ट आहे. २०१४ मध्ये ब्राझोस नदीकाठी बेलरचं सुमारे ४५,००० प्रेक्षकांचं नवं फुटबॉल स्टेडियम उभं राहिलं. विशीतल्या पोरांच्या खेळावर एवढा डोलारा उभा असला की त्या पोरांविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्याचा हात आधी फोनकडे जातो की फाइल बंद करण्याकडे, हा या सगळ्या प्रकरणांतला खरा प्रश्न आहे.

२००३ मध्ये काय घडलं?

पॅट्रिक डेनेही हा २१ वर्षांचा खेळाडू न्यू मेक्सिको विद्यापीठातून बेलरला आला होता. जून २००३ मध्ये तो बेपत्ता झाला. त्याची गाडी हजाराहून जास्त मैल दूर, व्हर्जिनिया बीचमध्ये सापडली, नंबरप्लेट काढून टाकलेली. जुलैअखेरीस वेकोजवळच्या एका खाणीच्या परिसरात त्याचा मृतदेह मिळाला. त्याचा संघातला सहकारी आणि मित्र कार्लटन डॉटसन याला मेरिलँडमध्ये अटक झाली. खटला लगेच उभा राहू शकला नाही, कारण मध्यंतरी न्यायालयाने त्याला मानसिकदृष्ट्या खटल्यास अपात्र ठरवून उपचारांसाठी पाठवलं होतं. जून २००५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली.

इथपर्यंत ही एका घराची शोकांतिका होती. एका तरुणाने दुसऱ्याला मारलं, यात विद्यापीठाची अब्रू जाण्यासारखं काही नव्हतं. ती गेली पुढच्या काही आठवड्यांत.

हेड कोचने नेमकं काय केलं?

डेनेहीला शिष्यवृत्ती नव्हती, तरी त्याची फी भरली जात होती. ती हेड कोच डेव्ह ब्लिस याने नियम मोडून गुपचूप भरली होती. खुनाच्या तपासात ही फी कुठून आली हा प्रश्न निघणार, हे ब्लिसच्या ध्यानात आलं. तेव्हा त्याने एक कथा रचली: डेनेही अमली पदार्थ विकायचा आणि त्या पैशातून फी भरायचा. तपास करणाऱ्यांना हेच सांगा, असं तो खेळाडूंना आणि सहायकांना पढवत होता. त्याचा हिशेब सरळ होता. मेलेला मुलगा उलट बोलायला येणार नाही.

सहायक कोच एबार राऊज तिथे नोकरीला लागून जेमतेम काही आठवडे झाले होते. खोटं बोलला नाहीस तर नोकरी जाईल, हे त्याला सुचवण्यात आलं. तो खिशात छोटा कॅसेट रेकॉर्डर लपवून ब्लिसच्या बैठकांना बसू लागला. ऑगस्ट २००३ मध्ये त्या टेपांतला मजकूर छापून आला. तोवर ब्लिसने आणि क्रीडा संचालकानेही राजीनामा दिला होता, पण राजीनाम्याने मिटलं असतं ते टेपांमुळे देशभर गाजलं.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड येते ती खुनाच्या बातमीनंतर मुलाच्या आईवडिलांना काय ऐकावं लागणार होतं याची. त्यांचा मुलगा खाणीत सापडला, आणि ज्याच्या भरवशावर त्यांनी त्याला वेकोला पाठवलं तो माणूस त्याला गांजाविक्या ठरवायला निघाला होता.

टेप करणाऱ्या राऊजचं पुढे काय झालं?

मोठ्या कॉलेजांतली त्याची कोचिंगची वाट बंद झाली. काही नामवंत प्रशिक्षकांनी जाहीरपणे त्यालाच दोष दिला, आपल्या वरिष्ठाचं बोलणं चोरून टेप करणारा माणूस आपल्याला चालणार नाही म्हणून. उलट ब्लिसला दहा वर्षांच्या कडक निर्बंधांनंतर ओक्लाहोमातल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजात पुन्हा कोचची खुर्ची मिळाली. २०१७ मध्ये एका माहितीपटात त्याने डेनेहीवर तोच आरोप पुन्हा केला आणि तीही नोकरी गेली. खरं सांगणाऱ्याला या व्यवसायाने जी वागणूक दिली ती पाहून बाकीचे सहायक काय शिकले असतील?

बेलरला शिक्षा काय झाली? आणि संघ सावरला कसा?

खेळाडूंना एक वर्ष बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जायची मुभा मिळाली आणि तीन सर्वोत्तम खेळाडू लगेच निघून गेले. २००५ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, २००५-०६ च्या हंगामात गटाबाहेरचे सगळे सामने खेळायला बंदी घातली. इतर संघ नोव्हेंबरपासून खेळत होते, तेव्हा बेलरची पोरं जानेवारीपर्यंत नुसता सराव करत बसली. त्या हंगामात त्यांनी ४ सामने जिंकले, १३ हरले. त्यातल्या बहुतेकांचा २००३ शी काडीचाही संबंध नव्हता. हा अन्याय या शिक्षापद्धतीत कायमचा आहे: चूक करणारा निघून जातो, दंड मागाहून आलेला भरतो.

स्कॉट ड्रू हा ३२ वर्षांचा कोच ऑगस्ट २००३ मध्ये आला. सुरुवातीला त्याला विद्यार्थ्यांमधून चाचणी घेऊन खेळाडू गोळा करावे लागले. त्याचीही पाटी कोरी नाही, संघात घेऊ पाहत असलेल्या खेळाडूंना केलेल्या नियमबाह्य फोन आणि संदेशांवरून २०१२ मध्ये संघावर पुन्हा एनसीएएची देखरेख आली. पण ५ एप्रिल २०२१ रोजी इंडियानापोलिसमध्ये, तोवर एकही सामना न हरलेल्या गोंझागा विद्यापीठाला ८६-७० असं हरवून बेलरच्या पुरुष संघाने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. म्हणजे नाव परत मिळवायला जवळपास अठरा वर्षं लागली, तीही एकाच माणसाने तळ ठोकून काम केलं म्हणून.

फुटबॉलचं प्रकरण काय होतं?

आर्ट ब्राइल्स २००८ मध्ये फुटबॉलचा हेड कोच झाला आणि वर्षानुवर्षं मार खाणारा संघ जिंकू लागला. २०११ मध्ये रॉबर्ट ग्रिफिन तिसरा या खेळाडूला कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, २०१३ आणि २०१४ मध्ये गटाचं विजेतेपद आलं, नवं स्टेडियम झालं. त्याच वर्षांत खेळाडूंविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी येत होत्या. जानेवारी २०१४ मध्ये एका माजी खेळाडूला बलात्काराबद्दल २० वर्षांची शिक्षा झाली.

२०१५ मध्ये विश्वस्त मंडळाने फिलाडेल्फियाच्या पेपर हॅमिल्टन या वकिली फर्मला चौकशी दिली. २६ मे २०१६ रोजी निष्कर्ष जाहीर झाले. ब्राइल्सला काढायचं ठरलं. विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून केन स्टार यांना हटवलं गेलं, बिल क्लिंटन यांची चौकशी करणारे विशेष सरकारी वकील म्हणून जगाला माहीत असलेले तेच. क्रीडा संचालक इयन मॅकॉ यांनी काही दिवसांत राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये विश्वस्तांनीच वृत्तपत्राला आकडे सांगितले: २०११ पासून १७ महिलांनी १९ फुटबॉल खेळाडूंविरुद्ध लैंगिक किंवा कौटुंबिक अत्याचाराच्या तक्रारी केल्या होत्या.

गुन्हे खेळाडूंनी केले. त्यात कोच आणि ऑफिसचा काय दोष?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

जाहीर झालेले निष्कर्ष १३ पानांचे आहेत. त्यात कुणाही मुलीचं किंवा खेळाडूचं नाव नाही, घटनांचा तपशीलही फारसा नाही. तरी वाचताना चित्र स्पष्ट होतं. फुटबॉल विभागाने स्वतःची वेगळी शिस्तव्यवस्था चालवली होती. तक्रार आली की विभागातलीच माणसं तक्रारदार मुलीला किंवा तिच्या पालकांना परस्पर भेटायची, प्रशिक्षण नसताना स्वतःच चौकशी करायची, आणि ज्या कार्यालयाला कळवायला हवं त्याला कळवायची नाहीत. गैरवर्तनावरून दुसरीकडून काढलेल्या खेळाडूंना घेताना पूर्वेतिहास नीट तपासला जात नव्हता. फुटबॉलला नियम लागू नाहीत, असा समज आवारात पसरला होता.

पण खापर एकट्या फुटबॉलवर फोडून चालणार नाही. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानुसार लिंगभेदाविरुद्धच्या, त्यात लैंगिक छळही आला, तक्रारींसाठी विद्यापीठात जबाबदार अधिकारी लागतो. बेलरला पूर्ण वेळ असा अधिकारी नेमायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला. काही वेळा प्रशासनातल्या लोकांनी तक्रार करणाऱ्यालाच परावृत्त केल्याचं निष्कर्षांत म्हटलं आहे.

मुलाने गुन्हा करू नये हे कोचच्या हातात नसतं. तक्रार आल्यावर ती कुणाच्या टेबलावर जाते, हे मात्र शंभर टक्के त्याच्या हातात असतं.

इतकं धार्मिक, शिस्तीचं ठिकाण, तिथे असं कसं?

शिस्तीमुळेच काही अंशी, असं मला वाटतं. आवारात दारूवर बंदी, लग्नाबाहेरच्या संबंधांवर बंदी. मग पार्टीत अत्याचार झालेली मुलगी तक्रार करायला गेली की पहिली भीती हीच: तू दारू प्यायली होतीस का, तिथे गेलीसच कशाला, आता तुझ्यावरच कारवाई होईल, घरी कळेल. नियम मुलींच्या रक्षणासाठी म्हणून केलेले आणि त्यांच्याच तोंडाला कुलूप लावणारे. असल्या प्रश्नांना आपल्या घरातही किती मुली घाबरून गप्प बसतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. तक्रार करणाऱ्याला दारूसारख्या किरकोळ नियमभंगाबद्दल माफी मिळायला हवी, ही सुधारणा म्हणूनच मोलाची आहे.

अब्रू गेली म्हणजे पैशात किती नुकसान झालं?

काही आकडे उघड आहेत. ‘बिग १२’ने २०१७ मध्ये गटाच्या उत्पन्नातल्या बेलरच्या वाट्याचा पाव हिस्सा रोखून धरला आणि २०१८ मध्ये गटाच्या व सदस्यांच्या प्रतिष्ठेला झालेल्या हानीबद्दल २० लाख डॉलर दंड केला. नावाला लागलेल्या बट्ट्याची इतकी थेट किंमत क्वचितच कागदावर येते. आवारातले गुन्हे नोंदवून जाहीर करायला लावणारा क्लेरी कायदा पाळला नाही म्हणून केंद्रीय शिक्षण खात्याने २०२० मध्ये ४,६१,६५६ डॉलरचा दंड ठोठावला. दाव्यांत झालेल्या तडजोडींचे आकडे बहुतेक गुप्त आहेत.

आणि एनसीएए? त्यांचा निर्णय यायला ऑगस्ट २०२१ उजाडला. समितीने अपयशावर कठोर शब्दांत बोट ठेवलं, पण तक्रारी न नोंदवण्याचा प्रकार विद्यापीठभर होता, त्यामुळे तो खेळाडूंना दिलेला खास लाभ ठरत नाही आणि नियमभंगही होत नाही, असं म्हटलं. इतर छोट्या नियमभंगांसाठी चार वर्षं देखरेख आणि ५,००० डॉलर दंड. बास्केटबॉलमध्ये फी भरली म्हणून अर्धा हंगाम बंद, आणि इथे ५,००० डॉलर. क्रीडा संघटनेचं नियमपुस्तक स्पर्धेतली लबाडी पकडायला लिहिलेलं आहे, मुलींची सुरक्षितता त्यात बसवलेलीच नाही, हे या दोन निर्णयांवरून दिसतं. म्हणून संघटनेने सोडलं म्हणजे सुटले, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

मैदानावर काय परिणाम झाला?

२०१६ च्या उन्हाळ्यात येऊ घातलेल्या खेळाडूंपैकी कित्येकांनी पाठ फिरवली. २०१७ मध्ये नवा कोच मॅट रूल याच्या हाताखाली संघ १२ पैकी ११ सामने हरला. २०१९ मध्ये मात्र त्याच संघाने ११ सामने जिंकले आणि २०२१ मध्ये गटाचं विजेतेपद परत आलं. मैदानावरची घसरण इतकी लवकर भरून निघते की ज्यांना विसरायचंच असतं त्यांची सोय होते.

घोटाळ्यामुळे प्रवेशअर्ज कमी होतात का?

होतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलशी संबंधित संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आघाडीच्या विद्यापीठांतले घोटाळे तपासले. एखाद्या घोटाळ्यावर मोठा सविस्तर लेख छापून आला की पुढच्या वर्षी अर्ज सुमारे १० टक्क्यांनी घटतात, असं त्यांना आढळलं. एरवी संघ जिंकला की अर्ज वाढतात, तेव्हा ज्या खेळाने नाव दिलं तोच ते घेऊनही जातो.

एवढं सगळं होऊनही चाहते कोचच्या बाजूने का उभे राहतात?

नोव्हेंबर २०१६ मध्ये बेलरच्या स्टेडियमबाहेर ब्राइल्सच्या समर्थनाचे काळे टी-शर्ट विकले गेले. घालणारे सगळे दुष्ट नव्हते. शनिवारचा सामना हा त्यांच्या घरातला सण असतो, आणि तो सण आणणाऱ्या माणसाबद्दल वाईट ऐकून घेणं जड जातं. चौकशीचा पूर्ण लेखी अहवाल कधी आलाच नाही, निष्कर्ष विश्वस्तांना तोंडी सांगितले गेले. त्यामुळे ‘बळीचा बकरा केला’ म्हणायला जागा राहिली, आणि ती जागा विश्वस्तांनीच ठेवली. संपूर्ण अहवाल, पीडितांची ओळख झाकून, प्रसिद्ध करायला हवा होता.

ब्राइल्सला २०२२ मध्ये लुइझियानातल्या ग्रँबलिंग स्टेट विद्यापीठाने घेतलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की काही दिवसांत त्याने पद सोडलं. मॅकॉ मात्र २०१६ मध्येच दुसऱ्या विद्यापीठात क्रीडा संचालक झाले होते.

आरोप खोटे ठरले तर खेळाडूंची बदनामी कोण भरून देणार?

रास्त प्रश्न. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) संघातल्या तिघांवर बलात्काराचा आरोप झाला. विद्यापीठाने हंगाम रद्द केला, कोच माइक प्रेसलर यांना जावं लागलं. एप्रिल २००७ मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी आरोप मागे घेत तिघेही निर्दोष असल्याचं जाहीर केलं, आणि पुरावे दडवणारे सरकारी वकील माइक नायफाँग यांची सनद गेली.

तरीही ड्यूक आणि बेलर मला एकाच आजाराची दोन रूपं वाटतात. दोन्हीकडे तपास पूर्ण होण्याआधीच ‘आपल्या नावाचं काय होईल’ याचा विचार झाला. एका ठिकाणी त्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडलं, दुसऱ्या ठिकाणी मुलींना. तक्रार वेळेत नोंदवून, संघाशी संबंध नसलेल्या माणसाकडे देऊन, दोन्ही बाजूंना ऐकून घेतलं तर निर्दोष खेळाडूचंही त्यातच रक्षण होतं.

काढून टाकलेला खेळाडू दुसरीकडे जाऊन खेळतो का?

पूर्वी सर्रास. आता थोडा आळा बसला आहे. आग्नेय अमेरिकेतल्या ‘एसईसी’ गटाने २०१५ मध्ये गंभीर गैरवर्तनावरून काढलेल्या खेळाडूंना घेण्यावर बंदी आणली, इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये स्वतःचा नियम केला.

भारतात हे लागू होतं का?

खेळाचा पैसा आपल्या कॉलेजांत तितका नाही, त्यामुळे दबावाचं रूप वेगळं. कायदा मात्र आहे: २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आणि यूजीसीचे २०१५ चे नियम. प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. आपल्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, हे संघातल्या मुलामुलींना माहीत असतं का, एवढंच विचारून बघा.

मुलीला किंवा मुलाला अमेरिकेत पाठवताना आम्ही काय तपासावं?

रँकिंगच्या आधी विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल उघडा. क्लेरी कायद्यामुळे तो दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करावाच लागतो. एक सावधगिरी: आकडे शून्य दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. हजारो तरुण राहतात तिथे वर्षभरात एकही तक्रार नाही याचा अर्थ बऱ्याचदा तक्रार घेणारंच कुणी नाही असा असतो. टायटल नाइन अधिकाऱ्याचं नाव आणि फोन सहज सापडतो का, तक्रारदाराला दारूच्या नियमातून माफी आहे का, हे बघा.

काही घडलंच तर आधी कुणाकडे जायचं?

इजा झाली असेल तर आधी दवाखाना. पुरावा गोळा करणारी वैद्यकीय तपासणी करून घेतली म्हणून पोलिसांत जायची सक्ती नसते, पण नंतर ठरवायला वाट मोकळी राहते. गुप्तता हवी असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाशी बोलावं. कारवाई हवी असेल तर टायटल नाइन कार्यालय किंवा पोलीस, किंवा दोन्ही. कोच, संघाचे व्यवस्थापक, ‘मी बघतो’ म्हणणारे हितचिंतक यांच्यावर विसंबून थांबू नये.

टेक्सासमध्ये आता कायद्याचंही पाठबळ आहे. २०१९ च्या कायद्यानुसार, विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याला लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली आणि त्याने ती टायटल नाइन अधिकाऱ्याला जाणूनबुजून कळवली नाही, तर तो गुन्हा ठरतो आणि नोकरी जाते. काही गोपनीय पदं सोडली तर कोचसुद्धा यातून सुटत नाही.